‘म्हणून’पाशी थांबावे

छायाचित्रणाने कलेची दासी म्हणूनच राहावे, असे मत फ्रेंच कवी शार्ल बोदलेअर यांनी १८५९ साली मांडले. आजही युक्तिवाद केला जातो : कॅमेरा हे यंत्र आहे, म्हणून छायाचित्र ही कला नव्हे. अशा वेळी विद्यार्थ्याने ‘म्हणून’पाशी थांबावे व आधार विचारावा. मग अनुच्चारित गृहीतक दिसते : यंत्राच्या कामात माणसाची निवड नसते.

रॉजर फेंटन यांनी १८५५ मध्ये क्रिमियातील एकाच दरीची दोन छायाचित्रे घेतली. एकात रस्त्यावर तोफगोळे आहेत, दुसऱ्यात रस्ता मोकळा आहे. यांतील कोणते लोकांपुढे ठेवावे, हे यंत्र ठरवीत नाही. गृहीतक ढळते, तरी छायाचित्र कलाच आहे, हे त्याने सिद्ध होत नाही. केवळ तो युक्तिवाद अपुरा ठरतो. ही मर्यादा ओळखणे, हेच विचाराचे शील होय.