कासवाच्या तळ्याचा पंप आणि रात्रीचा हिशेब

देशी कासवं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे घरी पाळता येत नाहीत. त्यामुळे आपल्याकडे परसातल्या तळ्यात दिसतं ते बहुधा मूळचं अमेरिकेतलं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं स्लायडर. या तळ्यासाठी सौरपंप घेताना लोक उन्हाचा विचार करतात, करायला हवा तो रात्रीचा. कासव फुप्फुसांनी श्वास घेतं, म्हणून पंप थांबला तरी ते माशासारखं गुदमरत नाही. पण त्याच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजवर वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्यासाठी लागणारा प्राणवायू त्यांना वाहत्या पाण्यातूनच मिळतो. रात्री पाणवनस्पती आणि शेवाळही प्राणवायू वापरतात, त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो. बॅटरी नसलेला पंप नेमका तेव्हा तासन्‌तास बंद असतो. मग बंद डब्यातल्या फिल्टरमध्ये पाणी कुजू लागतं आणि सकाळी ऊन पडताच तेच तळ्यात परत येतं.

वीजबिल वाचतं, हे सौरपंपाच्या बाजूने नेहमी सांगितलं जातं. पण 10 वॅटचा पंप अहोरात्र चालवला तरी महिन्याला सात युनिटांच्या आसपासच वीज जाते. तेवढ्यासाठी पॅनेल घेण्यात अर्थ नाही. खरा फायदा सुरक्षिततेचा आहे. ओल्या अंगणातून 230 व्होल्टची तार ओढण्यापेक्षा 12 व्होल्टचा पंप कितीतरी बरा, शिवाय भारनियमनातही तो चालू राहतो. मात्र त्याला बॅटरी हवीच. 10 वॅटचा पंप दिवसाला 240 वॅट-तास वीज घेतो. पाच तासांचं कडक ऊन धरलं तर कागदावर 50 वॅटचं पॅनेल पुरतं. धूळ, उष्णता आणि बॅटरीतली गळती लक्षात घेता 80 वॅटचं घ्यावं, सोबत 12 व्होल्ट, 20 अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी. पाणी स्वच्छ ठेवायला पंपाऐवजी पाणवनस्पतींवरच भागेल असं काहींना वाटतं, पण स्लायडर कोवळी पानं खातं आणि मुळंही उपटतं. पावसाळ्याचा आक्षेप मात्र मान्य करावा लागतो: आठवडाभर आभाळ भरलेलं असेल तर हे पॅनेल कमी पडणारच. तेव्हा बॅटरी घरात नेऊन चार्जरला लावावी आणि कासवाचं खाणं थोडं कमी करावं.