टपावरचं सामान, मागचा स्पॉयलर आणि घाटातली हवा

गणेशोत्सव जवळ आला की मुंबई-गोवा महामार्गावर चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग लागते. टपावर बॅगा, मखराचं सामान आणि वर बांधलेली ताडपत्री. मध्येच एखादी गाडी मागे स्पॉयलर लावलेली, स्प्रिंग कापून खाली बसवलेली. ‘यामुळे गाडी रस्त्याला चिकटते,’ असं गाड्यांची हौस असलेली पोरं ठामपणे सांगतात. यात खरं किती?

हवेचा हिशेब सोपा आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा जोर चौपट होतो. साध्या हॅचबॅक गाडीला ताशी ४० किमी वेगाला हवा साधारण साडेपाच किलो वजनाएवढ्या जोराने अडवते. ८० ला हाच जोर २२ किलोच्या घरात जातो आणि ३०० ला तीनशे किलोच्या वर. शर्यतीच्या गाडीचा पंख याच जोरावर चालतो. तो हवा वर ढकलतो आणि गाडी खाली दाबली जाते. घाटात ४० च्या वेगाने चढणाऱ्या गाडीवर छोट्या स्पॉयलरचा दाब फार तर सोललेल्या नारळाएवढा. शोभा म्हणून ठीक, पण त्याच्या भरवशावर वळण घेऊ नये.

शर्यतीतल्या तज्ज्ञांनाही हवेने चकवलं आहे. १९९९ मध्ये फ्रान्समधल्या ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीत मर्सिडीजची सीएलआर गाडी तीनदा उडाली. मार्क वेबर शर्यतीआधीच दोनदा उलटला. प्रत्यक्ष शर्यतीत पीटर डम्ब्रेकची गाडी हवेत गिरक्या घेत कठड्यापलीकडच्या झाडीत पडली. दोघेही वाचले. या गाडीचं नाक आणि शेपूट चाकांच्या बरंच बाहेर होतं. उंचवट्यावर नाक जरा उचललं, खालून हवा घुसली आणि गाडी पतंगासारखी वर गेली. कंपनीने उरलेली गाडी शर्यतीतून काढून घेतली.

आपल्या गाड्या तेवढ्या वेगाने धावत नाहीत, त्यामुळे उडणार नाहीत. आपला धोका कलंडण्याचा आहे. टपावर जड सामान ठेवलं की गाडीचा तोल वर सरकतो. त्यात वळणावर बाहेर फेकणारा जोरही हवेसारखाच वाढतो. ३० ऐवजी ६० ने वळलात तर तो चौपट. ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतरही चौपट. भोस्ते किंवा परशुराम घाटात, ओल्या रस्त्यावर हा हिशेब अंगाशी येतो. खाडीवरच्या पुलावर आडवा वारा आला, तर उंच व्हॅन आणि टपावर लादलेली गाडी आधी हलते.

कापलेल्या स्प्रिंगचं तर उलटंच होतं. चाकाला खाली-वर व्हायला जागा उरत नाही, खड्ड्यात ते उडतं आणि पकड सुटते.

मग करायचं काय?

- जड सामान डिकीत, तळाला. टपावर फक्त हलकं, घट्ट बांधलेलं.
- टपावर किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. अनेक छोट्या गाड्यांत ही मर्यादा ५० किलोच्या आसपास असते.
- टायरची नक्षी १.६ मिमीपेक्षा कमी झाली असेल तर टायर बदला. भरलेल्या गाडीसाठी हवेचा दाब किती हवा, तेही पाहून घ्या.
- उंच गाडी असेल तर पुलावर वेग कमी करा.

स्पॉयलरला हजारो रुपये घालण्यापेक्षा तेच पैसे टायरला घाला. पावसात गाडी रस्त्याला धरून ठेवतात ती चारच जागी टेकलेली रबरं.