जबडा दुखतो तेव्हा मान का धरते?



ऊस विकास अधिकाऱ्याने जबड्यावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण शेतावर गेलो की लागणीइतक्याच दुखण्याच्या गोष्टी निघतात. कर्जत-खालापूर भागात भाताचा भारा, लाकडाची मोळी, पाण्याचा हंडा अजून डोक्यावरून येतो. त्यात दाताने ऊस सोलायची हौस! मग कानापुढे कटकट वाजते, सकाळी तोंड पुरते उघडत नाही आणि मानेतही कळ येते.

कानाच्या भोकापुढे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा. बोटाखाली हलतो तो जबड्याचा सांधा. त्यात गादीसारखी चकती असते. ती जागची सरकली की आवाज होतो. नुसता आवाज असेल, दुखत नसेल, तर काळजी नको. आता मानेचे बघा. चेहऱ्याच्या वेदना नेणारी नस मेंदूतून खाली मानेच्या वरच्या भागापर्यंत उतरते आणि तिथेच मानेच्या वरच्या नसाही येऊन मिळतात. दोन पाटांचे पाणी एका दांडात मिसळले की वाफ्याला ते कुठल्या पाटाचे हे कळत नाही. वेदनेचेही तसेच. हनुवटी छातीला टेकवून तोंड उघडून पाहा, मग मान सरळ करून उघडा. दोघांचा संबंध लगेच कळेल.

पण यावरून ‘मणका सरकलाय, तो बसवला की जबडा बरा’ असे सांगणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नये. जबडा आणि मान पुष्कळदा एकत्र दुखतात हे खरे. मणका वाकडा झाल्यानेच जबडा बिघडतो हे सिद्ध झालेले नाही. दाढी-केस झाल्यावर कडकन मान मोडून घ्यायची सवय तर फारच वाईट. मानेच्या मणक्यांतून मेंदूला रक्त नेणाऱ्या वाहिन्या जातात. झटक्याने एखादी आतून फाटली तर पक्षाघात होतो. क्वचित होतो, पण होतो.

बहुतेकांचे दुखणे साध्या उपायांनी उतरते. काही दिवस मऊ खावे, ऊस कोयत्यानेच सोलावा, जांभई देताना हनुवटीला हात लावावा, ओला गरम शेक घ्यावा. भारा एकाऐवजी दोन खेपांत आणावा. मानेचे व्यायाम जाणकाराकडून शिकूनच करावेत.

तोंडात स्वतःची तीन बोटे उभी जात नसतील तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा. गुटखा-सुपारीने तोंड आखडत असेल तर तो सांध्याचा दोष नव्हे. गाल आतून आवळतो आणि पुढे कॅन्सरची भीती असते. जखमेनंतर काही दिवसांनी जबडा बसला, मान ताठली, तर शेकत बसू नका. तो धनुर्वात असू शकतो. मिळेल त्या गाडीने इस्पितळ गाठा. जबड्याच्या जुन्या दुखण्यासाठी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे. कर्जत-खोपोलीची लोकल थेट तिथवर जाते.

— ऊस विकास अधिकारी