स्पॅनिशमधील नियमित क्रियापदांचा संकेतार्थ : मराठी भाषकांच्या दृष्टीने

प्रस्तावना
मराठी व्याकरणात क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ असे चार अर्थ मानले जातात. सातारा-सांगली परिसरात मराठी माध्यमातून शिकलेला विद्यार्थी स्पॅनिशकडे वळला, की तेथील ‘कोन्दिसिओनाल’ या रूपास साहजिकच ‘संकेतार्थ’ म्हणतो. हे नाव सोयीचे असले, तरी अर्धेच खरे आहे. प्रस्तुत लेखात या रूपाची घडण, उपयोग आणि मराठीशी असलेला त्याचा भेद यांचा विचार केला आहे.

रूपसिद्धी
नियमित क्रियापदाचे मूळ रूप अखंड ठेवून त्यास ईआ, ईआस, ईआ, ईआमोस, ईआइस, ईआन हे प्रत्यय पुरुष-वचनानुसार लावले जातात. आब्लार (बोलणे), कोमेर (खाणे), बिबीर (राहणे) या तिन्ही गणांस प्रत्यय एकच : आब्लारीआ, कोमेरीआ, बिबिरीआ. आघात ‘ई’वर येतो. मराठीप्रमाणे लिंगभेद येथे नाही. हे प्रत्यय ‘आबेर’ या सहायक क्रियापदाच्या अपूर्ण भूतकाळापासून आले आहेत. भविष्यकाळाचे प्रत्यय त्याच्याच वर्तमानकाळापासून आले. म्हणून घडणीने हे रूप ‘भूतकाळातून पाहिलेले भविष्य’ ठरते. आंद्रेस बेल्यो यांनी १८४७ च्या व्याकरणात त्यास भूतोत्तर काळ मानले. स्पॅनिश अकादमी त्यास दीर्घकाळ स्वतंत्र अर्थ मानत असे. १९७३ च्या व्याकरण-आराखड्यात तिनेही त्याची गणना स्वार्थातील काळांत केली.

उपयोग
१. भूतकाळातील भविष्य : ‘दीखो के येगारीआ आ सांगली’. मराठीत मात्र ‘सांगलीला येईन, असे तो म्हणाला’ असा भविष्यकाळच टिकतो.
२. सौजन्य : ‘मे आयुदारीआ?’ म्हणजे ‘मला मदत कराल का?’ येथेही मराठीत भविष्यकाळ आहे.
३. संकेत : ‘सी बिबिएरास एन सातारा, आब्लारीआस माराती’ म्हणजे ‘तू साताऱ्यात राहत असतास, तर मराठी बोलला असतास’.

अडचणीचे स्थान
तिसऱ्या उदाहरणात मराठीने दोन्ही उपवाक्यांत ‘असतास’ योजले आहे. स्पॅनिशमध्ये मात्र अटीच्या उपवाक्यात ‘बिबिएरास’ हे सब्जंक्टिव्हचे भूतकाळी रूप येते. ‘ईआ’ प्रत्यय केवळ फलाच्या उपवाक्यात लागतो. मराठीच्या सवयीने विद्यार्थी ‘सी बिबिरीआस’ अशी रचना करतो. प्रमाण स्पॅनिशमध्ये ती अशुद्ध ठरते. ‘ऑगस्ट २०१९ मध्ये पाऊस लवकर थांबला असता, तर कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले नसते’ अशा घडून गेलेल्या गोष्टीसाठी साधे रूप पुरत नाही. तेथे फलाच्या उपवाक्यात ‘आब्रीआ’ व भूतकाळवाचक धातुसाधित अशी संयुक्त रचना लागते.

निष्कर्ष
प्रत्यय एका तासिकेत पाठ होतात. चूक होते ती उपवाक्याच्या निवडीत. म्हणून अध्यापनाचा आरंभ ‘असता’ या प्रतिशब्दाने न करता भूतकाळातील भविष्यापासून करावा आणि संकेतार्थी वाक्य त्यानंतर, दोन्ही उपवाक्ये शेजारी मांडून, शिकवावे. त्यामुळे मातृभाषेचे व्याकरण अडसर न ठरता तुलनेचे साधन ठरेल.