मनोरुग्ण आणि राज्याची हद्द

मुंबई-हावडा लोहमार्ग आपल्या जिल्ह्यातून मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा जातो. या मार्गाने येणारा प्रत्येक जण ठिकाण ठरवून येतोच असे नाही. कोणी भ्रमिष्ट अवस्थेत घर सोडतो, मिळेल त्या गाडीत बसतो आणि मिळेल त्या स्टेशनावर उतरतो. काही वर्षांपूर्वी आमच्या हमाल बांधवांना असाच एक गृहस्थ फलाटावर आढळला. त्याची भाषा कोणाला कळेना. चौकशीला गेलो तर एका कचेरीत उत्तर मिळाले, "हा आपल्या राज्याचा दिसत नाही." ते ऐकले आणि मी कायद्याची पुस्तके चाळू लागलो.

राज्यघटनेने रुग्णालये व दवाखाने राज्यांकडे सोपविले आहेत. दारूही राज्यांकडेच. मनोविकार आणि मनोरुग्णांच्या उपचारांची स्थाने मात्र समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र व राज्य या दोघांच्याही अखत्यारीत आहेत. तेव्हा 'आपल्या राज्याचा नाही' हे उत्तर घटनेलाच धरून नाही.

नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ सालचे. १९५६ पर्यंत बुलढाणा, खंडवा, बऱ्हाणपूर ही सारी एकाच राज्यात होती आणि नागपूर ही त्या राज्याची राजधानी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला, खंडवा-बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिले. जळगाव जामोदपलीकडच्या रुग्णाला नागपूर एका रात्रीत परराज्य झाले. आजार तोच, रस्ता तोच.

राज्यांनी मनावर घेतले तर काय होऊ शकते, हे पाहावयाचे असेल तर रांचीकडे पाहावे. तेथील काँके गावी १९२५ साली मनोरुग्णालय सुरू झाले. बिहारचे रुग्ण तर तेथे होतेच. शिवाय बंगाल व ओरिसा यांच्यासाठी खाटा राखून ठेवल्या जात आणि त्यांचा खर्च ती ती सरकारे देत. खाटा किती आणि पैसे कोणी द्यावयाचे, या दोन गोष्टी ठरल्या की करार झाला. बाकीचा कागद शोभेचा. पुढे २००० साली झारखंड वेगळे झाले आणि खुद्द बिहारच्या रुग्णाला रांची परराज्य ठरले! फाळणीनंतर तर भारत व पाकिस्तान यांनीही १९५० साली मनोरुग्णांची अदलाबदल केली; लाहोरचे हिंदू-शीख रुग्ण अमृतसरला आले.

१९८७ च्या कायद्याप्रमाणे रुग्णाला परराज्यातील रुग्णालयात हलविण्यास त्या राज्याच्या सरकारची संमती लागे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून अमलात आला; त्याप्रमाणे आता केंद्रीय प्राधिकरणाची संमती लागते, आणि रुग्णाला व त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला कारण कळवावे लागते. ही सुधारणा मी मोठीच मानतो. पण आम्हा युनियनवाल्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो भत्त्याचा. सोबत जाणाऱ्या परिचारकाचे भाडे कोणी द्यावयाचे? त्या कलमात याचा शब्द नाही.

रस्त्यावर सापडलेल्यासाठी मात्र कायदा स्पष्ट आहे. पोलिसांनी त्याला कोठडीत ठेवावयाचे नाही, चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यावयाचे. बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून त्याचे कुटुंब शोधावयाचे. राज्य कोणते, हा प्रश्न तेथे येतच नाही. निराधार असेल तर सरकारी रुग्णालयात उपचार मोफत, मग दारिद्र्यरेषेचे कार्ड असो वा नसो. हे कलम आपण तोंडपाठ करून चौकीवर जावे.

बरा झाल्यावर घरी पोचविण्याचे काम बव्हंशी संस्थाच करतात. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांचे श्रद्धा पुनर्वसन केंद्र आहे. २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्याच चिखली तालुक्यात पळसखेड सपकाळ येथे सेवासंकल्प प्रतिष्ठान अशा माणसांना सांभाळते.

त्या गृहस्थाची भाषा ओडिया निघाली. मालाच्या ट्रकवरील एका क्लीनरने ती ओळखली आणि गावाचे नाव काढून घेतले. औषधपाणी झाल्यावर हमालांनी वर्गणी काढली. दोन तिकिटे जाण्याची, एक परतीचे.