अपत्यांची पोटगी

अपत्यांची पोटगी : घटस्फोट, न्यायिक फारकत किंवा पतिपत्नींचे प्रत्यक्ष विभक्त राहणे यांमुळे अपत्य एका पालकाजवळ राहू लागले असता, दुसऱ्या पालकाने त्याच्या निर्वाहासाठी द्यावयाची, सामान्यतः मासिक, रक्कम. पतिपत्नींचे नाते न्यायालयाच्या हुकुमाने संपुष्टात येते. माता, पिता आणि अपत्य यांचे नाते तसे संपत नाही. त्यामुळे अपत्याचा निर्वाहाचा हक्क हे आईच्या पोटगीचे उपांग नसून तो स्वतंत्र हक्क आहे. व्यभिचार किंवा सबळ कारणावाचून पतीजवळ राहण्यास नकार या कारणांवरून पत्नीस पोटगी नाकारता येते. अपत्याच्या मागणीस ही कारणे बाधक ठरत नाहीत. परस्परसंमतीने घटस्फोट घेताना आईने ‘यापुढे काहीही मागणार नाही’ असे लिहून दिले, तरी तेवढ्याने अपत्याचा हक्क बुडत नाही.

ही रक्कम ठरवावयाची कशी, याबाबत दोन भिन्न पद्धती जगात आढळतात. काही देशांत कायद्यानेच सूत्र घालून दिलेले आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, ताबा नसलेल्या पालकाच्या ढोबळ उत्पन्नाचे एका अपत्यास १७, दोहोंस २५, तिघांस २९, चौघांस ३१ आणि पाच वा अधिक अपत्यांस ३४ टक्के हे प्रमाण मूलभूत मानले जाते. ब्रिटनमध्ये साप्ताहिक ढोबळ उत्पन्न २०० ते ८०० पौंडांच्या दरम्यान असल्यास एक, दोन आणि तीन वा अधिक अपत्यांसाठी अनुक्रमे १२, १६ व १९ टक्के हे दर असून, अपत्य वर्षातील किती रात्री देणाऱ्या पालकाकडे राहते, त्यानुसार रकमेत वजावट होते. जर्मनीत ड्यूसेलडॉर्फ येथील उच्च न्यायालयाचे कोष्टक १९६२ पासून मार्गदर्शक म्हणून वापरले जाते. भारतात असे सूत्र नाही. येथील कायदा निकष सांगतो, आकडा सांगत नाही. तो न्यायाधीशाच्या विवेकाधिकारावर सोपविलेला आहे. परिणामी भारतातील पोटगीची आकारणी हा गणितापेक्षा पुराव्याचा प्रश्न बनतो.

संबंधित तरतुदी अनेक अधिनियमांत विखुरलेल्या आहेत. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ याच्या २६ व्या कलमानुसार वैवाहिक दाव्याच्या ओघात व निकालानंतरही अपत्याचा ताबा, निर्वाह व शिक्षण यांविषयी हुकूम करता येतात. विशेष विवाह अधिनियम, १९५४ आणि ख्रिस्ती विवाहांना लागू असलेला १८६९ चा घटस्फोट अधिनियम यांतही तशाच तरतुदी आहेत. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ याचे २० वे कलम हे दायित्व पिता व माता या दोघांवरही टाकते आणि औरस-अनौरस असा भेद करीत नाही. धर्मनिरपेक्ष व जलद उपाय फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमात होता. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ हिच्या १४४ व्या कलमाने घेतली आहे. मुस्लिम घटस्फोटितेच्या अपत्यांना हा उपाय उपलब्ध असून, १९८६ च्या अधिनियमातील दोन वर्षांच्या मुदतीने त्यांचा हक्क मर्यादित होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिला. गोव्यात कौटुंबिक बाबींना पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा लागू असली, तरी हा उपाय तेथेही आहेच.

या फौजदारी उपायातील रकमेच्या मर्यादेचा इतिहास बोलका आहे. १८९८ च्या संहितेत दरमहा ५० रु. ही कमाल मर्यादा होती. ती पुढे १०० आणि १९५५ मध्ये ५०० रु. करण्यात आली. १९७३ ची नवी संहिता आली, तरी ५०० चा आकडा तसाच राहिला. ही रक्कम पत्नी व सर्व अपत्ये यांना मिळून नसून प्रत्येकास स्वतंत्रपणे देता येते, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये लावला, आणि काही राज्यांनी आपापल्या दुरुस्तीने मर्यादा वाढविली. अखेर २००१ च्या दुरुस्तीने ती रद्द झाली. दरम्यानच्या ४६ वर्षांत महागाई कोठल्या कोठे गेली होती. ठरावीक आकडा कायद्यात कोरून ठेवण्याचा धोका यावरून ध्यानात येतो.

आकारणीची पहिली पायरी म्हणजे अपत्याच्या गरजा. १९५६ च्या अधिनियमातील ‘निर्वाह’ या संज्ञेत अन्न, वस्त्र, निवास, शिक्षण आणि वैद्यकीय उपचार यांचा, तसेच अविवाहित मुलीच्या बाबतीत तिच्या विवाहाच्या वाजवी खर्चाचाही समावेश होतो. गरज म्हणजे केवळ जगण्यापुरते नव्हे. आई-वडील एकत्र असताना अपत्याला जे राहणीमान लाभले असते, ते शक्यतो टिकावे, अशी न्यायालयांची दृष्टी असते. शाळेची फी, पुस्तके, गणवेश, शिकवणी, औषधोपचार यांच्या पावत्या सहज दाखविता येतात. घरभाडे, वीज व किराणा यांतील अपत्याचा वाटा मात्र अंदाजानेच धरावा लागतो, आणि तोच बहुधा कमी धरला जातो.

दुसरी पायरी म्हणजे पालकांचे उत्पन्न. पगारदाराच्या बाबतीत आयकर, व्यवसाय कर व भविष्य निर्वाह निधीची सक्तीची वर्गणी वजा जाता उरणारी रक्कम सामान्यतः हिशेबात घेतली जाते. स्वेच्छेने केलेली बचत किंवा स्वतःच्या मालमत्तेसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते दाखवून उत्पन्न आटविण्याचा प्रयत्न सहसा मान्य होत नाही. व्यापारी, शेतकरी, रोजंदारीवरील कामगार यांच्याबाबत प्रश्न अवघड होतो. अर्जदार पक्ष उत्पन्न फुगवून सांगतो, सामनेवाला ते दडवतो, आणि न्यायालयाला तर्काचा आधार घ्यावा लागतो. बँकेतील व्यवहार, वाहन, घर व राहणी यांवरून उत्पन्नाचे अनुमान केले जाते. धडधाकट माणसाला ‘मला कामच नाही’ एवढे सांगून सुटता येत नाही. वेळप्रसंगी त्याने अंगमेहनत करूनही पत्नी व अज्ञान अपत्ये यांचे पोषण केले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे.

या लपवाछपवीवर उपाय म्हणून ४ नोव्हेंबर २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल महत्त्वाचा ठरतो. नागपूरच्या कुटुंब न्यायालयात सुरू झालेल्या या प्रकरणात अंतरिम पोटगीचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला होता. दोन्ही पक्षांनी आपली मालमत्ता, उत्पन्न, देणी व खर्च यांचे ठरावीक नमुन्यातील प्रतिज्ञापत्र दाखल केले पाहिजे, असे या निकालाने देशभरातील न्यायालयांना बंधनकारक केले. शिक्षणाचा खर्च सामान्यतः पित्याने सोसावा. माता पुरेशी मिळवती असल्यास तो उभयतांत प्रमाणशीर वाटता येईल, असेही त्यात सांगितले आहे.

तिसरी पायरी वाटणीची. दोघेही पालक नोकरीत असलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दोन अपत्यांचा खर्च प्रत्येकी ३,००० रु. धरून तो पिता व माता यांच्यात २ : १ असा वेतनाच्या प्रमाणात विभागला. दिल्ली उच्च न्यायालयाने २००४ मध्ये वेगळी रीत सुचविली : कुटुंबाचे उत्पन्न एकत्र मानून मिळवत्या पतीला, कमाईसाठी त्याला करावा लागणारा जादा खर्च लक्षात घेऊन, दोन भाग आणि इतर प्रत्येक व्यक्तीस एक भाग द्यावा.

दोन्ही रीती एका कल्पित कुटुंबाला लावून पाहता येतील. पित्याचे निव्वळ मासिक उत्पन्न ६०,००० रु., मातेचे ३०,००० रु. असून मुलगी मातेजवळ राहते. तिच्या शाळेचा खर्च ५,०००, आहार व कपडे ६,०००, निवासातील वाटा ४,००० आणि औषधोपचार, प्रवास इ. ३,००० मिळून १८,००० रु. होतो. पहिल्या रीतीने पित्याने १२,००० रु. द्यावयाचे, मातेचा ६,००० चा वाटा तिच्या हातूनच खर्च होतो. दुसऱ्या रीतीने एकत्रित ९०,००० चे चार भाग होऊन माता व मुलगी यांच्याकडे ४५,००० यावयास हवेत. मातेचे ३०,००० वजा जाता पित्याकडून १५,००० येणे. परंतु माताही मिळवती आहे. तिलाही कमाईच्या खर्चापोटी दोन भाग दिले, तर एकूण भाग पाच होतात, माता व मुलगी यांचा हिस्सा ५४,००० होतो आणि पित्याचे देणे २४,००० वर जाते. एकाच कुटुंबात वाजवी म्हणता येतील असे तीन आकडे मिळतात व त्यांतील सर्वांत मोठा आकडा सर्वांत लहान आकड्याच्या दुप्पट आहे. दुसऱ्या रीतीत मातेचा निर्वाहही मिसळलेला असतो, हा भेद येथे विसरता कामा नये. मुलीला रोज शाळेत पोहोचविण्यापासून आजारपणात जागण्यापर्यंतचे मातेचे श्रम यांपैकी एकाही गणितात दिसत नाहीत.

‘पतीच्या पगाराचा चौथा हिस्सा’ हा नियम असल्याची समजूत प्रचलित आहे. तिचे मूळ पत्नीच्या पोटगीविषयीच्या १९७० च्या एका निकालात असून २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा पुनरुच्चार केला. त्या प्रकरणात पतीचे निव्वळ वेतन सुमारे ९५,००० रु. होते, तरीही त्याने केलेला पुनर्विवाह व नव्या कुटुंबाची जबाबदारी लक्षात घेऊन पत्नी व मुलगा या दोघांची मिळून पोटगी २३,००० वरून २०,००० रु. करण्यात आली. तेव्हा पंचवीस टक्के हा मापदंड आहे, विधिनियम नव्हे. आणि अपत्यांच्या संख्येशी त्याचा काहीही संबंध जोडलेला नाही.

पोटगी कोणत्या दिनांकापासून, यालाही आकड्याइतकेच महत्त्व आहे. पूर्वी काही न्यायालये हुकुमाच्या तर काही अर्जाच्या दिनांकापासून ती देत. २०२० च्या निकालाने अर्जाचा दिनांक निश्चित केला. दरमहा ८,००० रु. मंजूर होण्यास तीन वर्षे लागली, तर या फरकाने २,८८,००० रुपयांचा प्रश्न उभा राहतो. अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत निकाली काढावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात ही मुदत क्वचितच पाळली जाते.

फौजदारी उपायाखाली अपत्याची पोटगी सामान्यतः १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत चालते; शारीरिक वा मानसिक अपंगत्वामुळे स्वतःचा निर्वाह करू न शकणारे अपत्य याला अपवाद आहे. १९५६ च्या अधिनियमाखाली मात्र स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित मुलीचा हक्क सज्ञान झाल्यावरही टिकतो. परिस्थिती पालटल्यास रक्कम वाढविता किंवा घटविता येते. शाळा बदलली, आजार उद्भवला, पित्याला बढती मिळाली किंवा त्याची नोकरी गेली, ही त्याची नेहमीची कारणे होत.

हुकूम होऊनही पैसे न आल्यास वसुलीसाठी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत हा अर्ज केला पाहिजे, हे अनेकांना ठाऊक नसते व थकबाकीचा काही भाग या मार्गाने वसूल होण्यासारखा राहत नाही. पुरेशा कारणावाचून रक्कम चुकविणाऱ्यास प्रत्येक महिन्याच्या थकबाकीपोटी एक महिन्यापर्यंत कारावास होऊ शकतो. दिवाणी हुकुमाची बजावणी पगारजप्तीने होते. सामान्य सावकाराच्या हुकूमनाम्यात पगारातील पहिले १,००० रु. व उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग जप्तीपासून मुक्त असतो. निर्वाहाच्या हुकूमनाम्यात मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमान्वये केवळ एक-तृतीयांश पगार मुक्त राहतो, बाकीचा जप्त होऊ शकतो.