पदवी की हातचे कौशल्य?

दहावी-बारावीचे निकाल लागले की नेवासा तालुक्यातील आपल्या अनेक कुटुंबांपुढे एकच प्रश्न उभा राहतो : मुलाला महाविद्यालयात घालावे की आय.टी.आय.मध्ये?

केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या श्रमशक्ती पाहणीत १५ वर्षांवरील व्यक्तींमध्ये बेकारीचे प्रमाण ३.२ टक्के, तर पदवीधरांमध्ये १३.४ टक्के आढळले. मात्र यावरून पदवी व्यर्थ ठरत नाही. गरीब माणसाला बेकार राहणे परवडत नाही. तो ऊसतोडीला जातो आणि आकडेवारीत रोजगारप्राप्त ठरतो. पदवीधर मनाजोगत्या नोकरीची वाट पाहतो. शिवाय राज्यसेवा परीक्षेस बसण्यासाठी पदवी आवश्यकच आहे. ज्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या शाळेचे दार बंद होते, त्यांच्यासाठी तर पदवी ही सन्मानाचीही खूण आहे.

दुसरीकडे, वीजतंत्री, फिटर, वेल्डर हे अभ्यासक्रम एक-दोन वर्षांत पूर्ण होतात. महावितरणच्या विद्युत सहायक पदासाठी वीजतंत्री किंवा तारतंत्रीचे शिक्षण लागते. सोनई व भेंडे येथील साखर कारखाने आणि संभाजीनगर रस्त्यावरील वाळूज औद्योगिक वसाहत यांनाही कुशल हातांची गरज असते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यान्वये प्रशिक्षणकाळात विद्यावेतन मिळते. महत्त्वाचे म्हणजे, दहावीनंतर दोन वर्षांचा आय.टी.आय. अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यास अभियांत्रिकी पदविकेच्या दुसऱ्या वर्षास प्रवेश घेता येतो आणि तेथून पुढे पदवीकडेही जाता येते. ही वाट बंद गल्ली नाही.

तरीही 'नापासांची शाळा' म्हणून तिच्याकडे पाहिले जाते. ख्रिस्ती माणसाला ही दृष्टी शोभत नाही. प्रभू येशूला गावकरी सुतार म्हणून ओळखत. संत पौल तंबू बनवून उदरनिर्वाह करीत. संत जॉन बॉस्को यांनी १८५३ साली तुरीन येथे गरीब मुलांसाठी चांभारकाम व शिवणकामाच्या कार्यशाळा उघडल्या. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या आपल्या परिपत्रकात श्रमाचे मोल करणाऱ्या माणसावरून ठरते, असे शिकविले.

म्हणून पालकांनी शेजाऱ्याच्या मुलाकडे न पाहता आपल्या मुलाचा कल पाहावा. पदवी निवडली तर तिच्यापुढील परीक्षा वा व्यवसाय आधीच ठरवावा. कौशल्य निवडले तर पुढील शिक्षणाचे दार उघडे ठेवावे. शेती गहाण टाकून घेतलेली, पण कोणताही हेतू नसलेली पदवी मात्र टाळावी. मुलगी असल्यासही हाच विचार व्हावा. कामगारांचा आश्रयदाता संत योसेफ आपल्या तरुणांना योग्य मार्ग दाखवो.